इनॉकचे ओले हात

आमच्या ग्रीनिचच्या केबल कारखान्यात सांधेकरी व्हायला अक्कल थोडी कमी चालते, पण तळहात कोरडा लागतो. तांब्याच्या तारेच्या सांध्यावर गटापर्चा नावाच्या झाडाचा ऊन चीक बोटांनी दाबून बसवायचा. आत घामाचा थेंब अडकला, की समुद्राच्या तळाशी तार मुकी, संदेश पलीकडे पोचायचाच नाही. म्हणून ग्रब मुकादम रोज सकाळी आम्हा सांधेकऱ्यांचे हात चाचपतो. ज्याचा लागोपाठ दोन दिवस ओला लागला, त्याची रवानगी धक्क्यावर चिखल उपसायला.

इनॉक टॅरंट आमच्यातला वस्ताद. तेवीस वर्षांचा, लाजरा, हात पिठासारखे कोरडे. त्या वसंतात तो केबलवर ताग गुंडाळायच्या शेडमधल्या केझायाच्या प्रेमात पडला आणि गडी कामातून गेला. तिचं नाव काढलं तरी तळवे पाझरायचे. आम्ही मेले दिवसभर तिचंच नाव काढायचो.

तीन रविवार तो तिच्याबरोबर नदीकाठी हिंडला. तिसऱ्या रविवारी लग्नाचं विचारलं, तर ती हात सोडवून घेऊन मुकाट्याने घरी गेली. सोमवारी इनॉकचा हात ओला. मंगळवारीही ओला. बुधवारी अटलांटिकपार जाणारी केबल जहाजावर चढायची होती, शेवटचा सांधा बाकी होता, आणि तो दुसऱ्या कुणाला द्यायला मुकादमाचा जीव धजेना. शेवटी मुकादम स्वतःच तागाच्या शेडकडे निघाला. मागोमाग इनॉक सोडून आम्ही सगळे. पोरीला त्याने विचारलं, बाई, माझ्या माणसाला एकदाचं उत्तर का देत नाहीस?

"खोटारड्याला कसलं उत्तर?" केझाया म्हणाली. "म्हणे मी सांधेकरी. तिन्ही रविवार हात धरला. हात कसला, ओला बोळा. सांधेकऱ्याचा असा असतो होय?"

मुकादम मटकन तागाच्या गठ्ठ्यावर बसला आणि पोट धरून हसला. अकरा वर्षांत मी त्याचे दात प्रथमच पाहिले.

"अगं पोरी, तो तुझ्यापायी पाझरतोय. माझा अख्खा अटलांटिक तू अडवून धरलायस."

केझाया कानापर्यंत लाल झाली. मग तरातरा सांध्याच्या खोलीत आली आणि इनॉकसमोर उभी राहिली.

"माझं हो आहे," ती म्हणाली. "आता कामाला लाग."

मुकादमाने पाच मिनिटांनी हात चाचपला. ठणठणीत कोरडा. इनॉकने सांधा केला, आम्ही तो हौदात बुडवला, वीज सोडली, आणि यंत्राची सुई जागची हलली नाही, म्हणजे सांध्यातून वीज कुठेच गळत नव्हती. आनंदाने आम्ही टोप्या उडवल्या, मुकादमाचीसुद्धा. मी नवरीचं अभिनंदन करायला तिचा हात हातात घेतला. चिंब भिजला होता.