तणमोराच्या पानावरची नावं

काष्टीच्या गुरांच्या दवाखान्यात गहिनीनाथ ड्रेसर होता. जखमा धुणं, खुरांतले किडे काढणं, डॉक्टर सुई टोचेपर्यंत बैलाची वेसण धरून ठेवणं हे त्याचं काम. पण सायकलवरून गावोगाव फिरताना नजर गुरांवर कमी आणि पाखरांवर जास्त. बायको पुष्पावती म्हणायची, "ह्यांना बैलाचा सुजलेला पाय दिसत न्हाई, पर चिमनीची पिसं मोजून सांगतील." त्यात फारसं खोटं नव्हतं.

असलाच एक पाखरवेडा संगमनेरला होता, राधाकृष्ण मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. दुसरा राहात्याला, छगन पाटकरी, कालव्याचं पाणी सोडणारा. तिघांचा सगळा कारभार पोस्टकार्डावर चाले. दुर्मीळ काही दिसलं की मास्तरांना कार्ड टाकायचं. मास्तर ती बातमी वहीत आधी पेन्सिलीनं लिहीत. दुसऱ्या कुणी जाऊन तोच पक्षी डोळ्यांनी पाहिला, की मगच तिच्यावर शाई चढे आणि दोघांची नावं पडत. छगनचा एक गरुड तर तीन वर्षं पेन्सिलीतच बसला होता. सोळा वर्षांत मास्तरांनी वहीत एक खोटी ओळ येऊ दिली नव्हती.

त्या वहीत एक पान कोरं होतं. वर फक्त नाव, तणमोर. हा पक्षी पावसाळ्यात माळावरच्या गवतात येतो. काळा नर गवताच्या वर उडी मारतो, बेडकासारखा आवाज करतो आणि पुन्हा गवतात बुडतो. तो एकदा बघायचा म्हणून मास्तर तीस वर्षं माळ तुडवत आले होते.

बहात्तर साली पावसानं तोंड फिरवलं. श्रावणात मास्तरांचं कार्ड आलं. 'गवतच नाही, तणमोर कुठला? पायही आता चालत नाहीत. वही बंद करतो.'  ते वाचून गहिनीनाथनं बसल्या जागी उत्तर लिहिलं, 'काल सकाळी काष्टीच्या माळावर दोन बाभळींच्या मधे तणमोर पाहिला. नर. तीनदा उडी मारली.'

म्हाताऱ्याला उभारी यावी म्हणून लिहिलं, असं तो स्वतःला सांगत आला. पण त्या कोऱ्या पानावर पहिलं नाव आपलं पडेल, ही हावही त्यात होतीच. पायच चालत नाहीत तर म्हातारा येतोय कशाला, असा त्याचा हिशेब.

चौथ्या दिवशी मास्तर एसटीतून उतरले. गळ्यात एका डोळ्यानं आंधळी झालेली दुर्बीण, हातात छत्री, काखेत वही.

तीन सकाळी दोघं माळावर गेले. माळ कसला, नुसतं तापलेलं खापर. मास्तर दोन बाभळींसमोर मातीत बसत, उन्हं डोक्यावर आली तरी उठत नसत. त्यांच्या ओठांना चिरा पडल्या. पुष्पावतीला खरं ठाऊक होतं. ती चुलीपाशी दबक्या आवाजात म्हणाली, "सांगून टाका. म्हाताऱ्याला उन्हात मारताय व्हय?"

तिसऱ्या सकाळी गहिनीनाथनं धीर केला. "मास्तर, एक सांगायचं हुतं."

"पक्षी दिसल्यावर सांग," मास्तर दुर्बिणीतून नजर न काढता म्हणाले. "आता बोलू नकोस."

गहिनीनाथनं नजर पुन्हा बाभळींकडं वळवली. सांगायचं राहिलं ते जन्मभराचं.

चौथ्या दिवशी गुरांच्या छावणीतून त्याला बोलावणं आलं आणि मास्तर एकटेच गेले. दिवस कलताना गहिनीनाथ परतला, तर ते पाय धुऊन ओट्यावर बसले होते.

"दिसला," मास्तर म्हणाले.

"कुठं?"

"तू लिहिलंस तिथंच, दोन बाभळींच्या मधे. तीनदा उडी मारली." मास्तर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी वही उघडली, पेन्सिलीवरून शाई फिरवली, आधी गहिनीनाथचं नाव लिहिलं आणि खाली आपलं. 

उजाड माळावर मास्तरांना काय दिसलं होतं? उन्हानं भोवळ येऊन भास झाला? की सगळं ओळखून त्यांनी ह्याची लाज झाकली? की खरोखरच एखादं वाट चुकलेलं पाखरू येऊन गेलं? विचारायला तोंड नव्हतं, आणि पुढं माणूसही उरला नाही. दिवाळीआधी मास्तर गेले. छगननं कार्डावर कळवलं, 'वही माझ्याकडं दिलीय.'

तेव्हापासून गहिनीनाथला तो बेडकासारखा आवाज ऐकू यायला लागला. छावणीत, दवाखान्याच्या पत्र्याखाली, भर दुपारी जेवताना. हातातला घास तसाच ठेवून तो बाहेर जाई. बाहेर काही नसे. छगनला खरं कळवायचं म्हणून त्यानं किती कार्डं लिहिली आणि किती चुलीत घातली. आपलं खोटं कबूल करायचं म्हणजे मेलेल्या माणसाच्या सहीला खोटं ठरवायचं. हे मात्र त्याच्यानं होईना.

त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला. माळावर गुडघाभर गवत उठलं. छगन वही घेऊन काष्टीला आला. दोघं त्या दोन बाभळींसमोर बसले. तासाभरानं छगन ताडकन उठला. "दादा, त्यो बघा! काळा! उडाला!"

गहिनीनाथनं वळून पाहिलं. गवत हलत होतं. वाराही होता.

छगनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मास्तर लई खरं मानूस. ह्याच जागी पायला हुता ना तुमी दोघांनी?"

खरं सांगायची ही शेवटची संधी आहे, हे गहिनीनाथला कळत होतं. त्यानं छगनच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला, "हितंच."

छगननं पान उघडून आपलं नाव लिहिलं. तणमोराच्या पानावर आता तीन नावं झाली. पहिलं नाव गहिनीनाथचं. श्रावण लागला की तो अजून त्या माळावर जाऊन बसतो. तणमोर त्यानं आजवर पाहिलेला नाही.