पाळक निवडताना

आकुर्डीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे चर्चला, नवीन पाळक हवे होते. निवडीसाठी पाच जणांची समिती नेमली, त्यात मी एकटीच बाई. एका उमेदवाराने दोन रविवार असा उपदेश केला, की लोक डोळे पुसत बाहेर पडले. बाकी चौघांनी तिथंच मन पक्कं केलं. तरी माणूस घरी कसा आहे ते बघून यावं म्हणून मला आणि समितीतल्या एका काकांना तळेगावला पाठवलं.

उमेदवारांनी दारात येऊन हात जोडले, काकांच्या गुडघ्याची चौकशी केली, बायकोला म्हणाले, "चहा आण."

चहा आला तेव्हा मी विचारलं, "वहिनी, आकुर्डीला यायला आवडेल ना?"

"तिला आवडेल," ते म्हणाले.

"तुम्ही शाळेत शिकवायचात ना?"

"नोकरी सोडली तिने. तिचीच इच्छा."

वहिनी त्यांच्याकडेच बघत होत्या.

कप उचलून मी त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले. नळ सोडून त्या हळूच म्हणाल्या, "तीन आठवडे झाले, माझ्याशी बोलत नाहीत. भाजीत मीठ जास्त पडलं होतं. आज तुमच्यासमोर 'चहा आण' म्हणाले, तेवढंच. कुणाला सांगू नका."

परतताना काका खुशीत होते. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सांगावं तर त्रास वहिनींनाच, न सांगावं तर मंडळीतली इतकी घरं त्या माणसाच्या हाती. दोन दिवस चाकणला कंपनीत मी तपासलेलाच पार्ट पुन्हा तपासत होते.

बैठकीत एवढंच बोलले, "मी वहिनींना दोन प्रश्न विचारले. दोन्हींची उत्तरं त्यांच्या नवऱ्याने दिली. माझा होकार नाही."

काका म्हणाले, "खरंय. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही."

निवड थांबली.

चार महिन्यांनी वहिनी आकुर्डी स्टेशनवर भेटल्या. त्यांचे पती चाकणकडच्या एका मंडळीत रुजू झाले होते.

"तुम्ही सांगितलंत?"

"तुमचं बोलणं नाही सांगितलं. पण नको म्हटलं."

"तुमची मंडळी सुटली," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मी कुठं जाऊ?"

'माझ्याकडे या' हे शब्द तोंडाशी आले आणि तिथंच राहिले. घरात दोन खोल्या, सासूबाई आजारी. शेवटी नंबर दिला. त्यांनी तो मोबाइलमध्ये न घेता तिकिटाच्या मागे लिहिला.

आता शिफ्टमध्येसुद्धा अनोळखी नंबर आला की मी उचलते. बहुतेक विमा विकणारे असतात.