आईला बसवून घेतलेलं माप

मंडळी, आज गाडीच्या कमान पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, दुकानात माझी सगळी हुशारी उतरली.

बाबांच्या मागे माझ्याकडे आलेली त्यांची दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार तुम्ही फोटोत पाहिलीच आहे. वळणावर मागून झुलते म्हणून गेल्या महिन्यात मी व्हिडिओ बघून मागच्या दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. गाडी कडक झाली, पण खड्ड्यात मागची चाकं उडायला लागली. आईने एका फेरीतच हात जोडले. "तुझी गाडी तुला लखलाभ. मी आपली रिक्षाने जाईन."

आज उल्हासनगरच्या म्हाताऱ्या कमानवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी पहिलं विचारलं, "बाजू में कौन बैठता है?"

"आई. म्हणजे, बसायची."

"बुलाओ. रिकामी गाडी का माप मैं नहीं लेता."

आई बुवापाड्याच्या घरून रिक्षाने आली, कपाळावर आठ्या घेऊनच. काकांनी तिला भाजीच्या पिशवीसकट बसवलं, मला स्टिअरिंगवर बसवलं आणि मागे टेप लावून गाडी किती दबते ते मोजलं. मग माझे वाढीव पाटे काढून टाकले आणि मूळचे दबलेले पाटे ठोकून पुन्हा कमानीत आणले. "चाक जमीन पे रहेगा, तभी तो गाडी मुडेगी, बेटा."

येताना अंबरनाथच्या वळणावर मी सवयीने ब्रेक दाबला.

"हळू कशाला करतोस?" आई म्हणाली. "तुझे बाबा इथे कधीच ब्रेक मारायचे नाहीत."

इतकी वर्षं मला वाटायचं, तिला ही गाडी आवडतच नाही. तुम्ही तुमच्या आईला कधी विचारलंय, ती बाबांसोबत कुठे कुठे फिरलीय?