गुरुवारचं पाय धुणं

"सिस्टर, तो टब आत्ताच्या आत्ता चॅपलमध्ये पाठवा. पाहुणे येऊन राहिले," हॉस्पिटल कमिटीचे सेक्रेटरीसाहेब ड्रेसिंग रूमच्या दारातूनच म्हणाले. आत यायचं त्यांनी टाळलं, कारण टबात सखूबाईचा पाय होता आणि खोलीत त्याचा वास.

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका मिशन हॉस्पिटलात सिस्टर होते. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, आमच्या चॅपलमध्ये पाय धुण्याचा विधी असे. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पाळकसाहेब बारा जणांचे पाय धूत. हे बारा जण हॉस्पिटलची कमिटी निवडायची. निवडलेली मंडळी घरूनच साबणाने पाय घासून, नखं कापून येत. उगाच पाळकसाहेबांना त्रास नको. त्या वर्षी माझा वॉर्डबॉयही निवडला गेला होता. तो चॅपलमध्ये, म्हणून मी एकटी. आणि एवढा मोठा एनॅमलचा टब हॉस्पिटलात एकच.

सखूबाई नरखेडकडच्या मोसंबीच्या बागेत मजुरी करायची. पायावर कुदळ पडली, कुणीतरी पाला बांधून दिला, आणि आता जखमेत अळ्या झाल्या होत्या. टर्पेंटाइनचा बोळा धरला की अळ्या वर येतात. त्या चिमट्याने काढायच्या, मग कुजलेलं मांस कापायचं. याला डिब्राइडमेंट म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, आज जखम साफ झाली नाही तर उद्या पाय कापावा लागेल.

"पाय गेला तं मले बागेत कोन ठेवन वं बाई?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मी नवा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला.

"साहेब, टब मिळणार नाही," मी म्हटलं.

"अहो, सेवेचा कार्यक्रम आहे."

"मग मी इथे काय करून राहिले?"

साहेब तक्रार घेऊन गेले आणि खुद्द पाळकसाहेब आले, पांढराशुभ्र झगा घालून. मला मनापासून राग आला होता. सखूबाई वेदनेने पाय ओढत होती, त्यामुळे चिमटा नीट लागत नव्हता.

"आलाच आहात तर पाय धरा," मी म्हटलं. "धरणारा तुमच्या बारा जणांत बसलाय."

त्यांनी टबाकडे पाहिलं, मग दाराकडे. मग बाह्या वर करून खाली बसले.

"नोका धरू गा महाराज, घान हाय," सखूबाई कळवळली. "तुमचे कपडे खराब होतीन."

"होऊ दे," ते म्हणाले. त्या वासात याहून लांब उपदेश सुचत नाही. पण शेवटपर्यंत त्यांनी पाय सोडला नाही. त्या दिवसापासून मला तो माणूस आवडायला लागला.

चॅपलमध्ये बारा जण स्वच्छ पाय घेऊन ताटकळले. पाळकसाहेबांना अचानक काही अडचण आल्यामुळे सेवेला उशीर होतोय, असं सेक्रेटरीसाहेबांनी पाहुण्यांना सांगितलं आणि चहा पाजला.

सखूबाईची दोन बोटं गेली, पाय राहिला. लंगडत का होईना, ती आपल्या पायांनी एसटीत चढली. कमिटीनेही धडा घेतला. पाळकसाहेबांचा विरोध असूनही, पुढच्या वर्षीपासून त्या गुरुवारी ड्रेसिंग रूम बंद ठेवायचं ठरलं.

मी एवढंच शिकले, की सेवा करायची असेल तर सेवेचा कार्यक्रम नसलेला दिवस बघावा.