डफडं शेकायची वेळ

न वाजणारी वस्तू देवाने जगात निर्माणच केलेली नाही, असा माझ्या वहिनीचा ठाम विश्वास आहे, आणि राळेगावकडच्या आमच्या गावात तिने तो जवळजवळ सिद्ध करत आणला आहे. बाजारात मडके घेताना सगळेच त्याला टिचकी मारतात. वहिनी टिचकी मारते, कान लावते, मडके परत ठेवते आणि कुंभाराला सांगते, "याचा आवाज आहे माह्याजवळ. दुसरं दाखवा." पाहुण्याने कप बशीत ठेवला की ती स्वयंपाकघरातून मोबाइल घेऊन धावत येते, "पुन्हा ठेवा बरं तसाच, जरा हळू." ती गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते आणि डोक्यात चाललेल्या ठेक्यावर मशीनचा पाय मारते, ठेका संथ असला त्या आठवड्यात कोणालाच ब्लाउज वेळेवर मिळत नाही. "मी काय करू? संथच आहे तो," असे ती बायकांना सांगते, आणि आश्चर्य म्हणजे बायका ऐकून घेतात.

या सगळ्याला थोडा मी जबाबदार आहे. मी यवतमाळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. गळ्यांचे नवे नमुने पाहायला म्हणून माझा जुना लॅपटॉप मी तिला दिला, आणि महिन्याभरात तिने त्यावर ढोल-ताशांचे सॉफ्टवेअर उतरवून घेतले. घरी बसून गाणी तयार करणाऱ्यांसाठी असते ते: बटण दाबले की खऱ्या ढोलाचा आवाज येतो, ओळीने चौकोन भरले की ठेका आपोआप वाजत राहतो. त्यात चाळीस परदेशी ढोल होते. पोळपाटावर माउस फिरवत वहिनीने ते सगळे ऐकले आणि निकाल दिला, "भाऊजी, चाळीसातल्या एकालेही आपल्या गावचं पाणी लागलेलं नाई."

ही गंमत गंमतच राहिली असती. पण मागच्या वर्षी पोळा तोंडावर आला आणि डफडं वाजवणाऱ्या काकांचा खांदा गेला. आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की डफडं वाजते आणि माणसे झडत्या म्हणतात. झडती म्हणजे भर गर्दीत ठणकावून म्हटलेले यमकातले टोमणे. या झडत्यांत माझ्या बाबांचा हात धरणारा आजूबाजूच्या चार गावांत कोणी नव्हता. पण बाबांच्या फुप्फुसांनी दगा दिला होता. मोठ्याने बोलू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "एक पोळा. मंग बसतो चूप." आता डफडंच नसेल तर झडती कशावर म्हणणार?

वहिनीने काकांना अंगणात बोलावले. तासभर वाजवायला खांदा तयार नव्हता. पण एकेक ठोका द्यायला होता. मग तीन दिवस काका खाटेवर बसून एकेक ठोका देत होते आणि वहिनी मोबाइल धरून सांगत होती, "हलक्यानं. अजून हलक्यानं. आता रागानं."

"कोणावर रागानं वो?" काकांनी विचारले.

"माह्यावरच रागवा."

तिसऱ्या दिवशी काका खरेच रागावले. "बाई, खिचडीतले तांदूळ मोजल्यावानी ठोके मोजून राह्यली तू! पुरं वाजवू तं दे!" तो ठोका सर्वांत चांगला आला. फक्त त्याच क्षणी शेजारची बकरी ओरडली. वहिनीने सगळे ठोके सॉफ्टवेअरमध्ये भरले आणि बकरी तशीच ठेवली. सॉफ्टवेअर आपल्या मर्जीने ठोके आलटून पालटून घेत असल्याने बकरी कधी येईल हे तिलाही सांगता येत नसे.

पहिली तालीम अंगणातच झाली. डफडं सुरू झाले. हुबेहूब काकांचा हात होता. बाबा खाकरून उभे राहिले, तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. डफडं थांबेचना. पाच मिनिटांनी बाबा खाली बसले. "काहून वो मामाजी?" वहिनी घाबरली.

"झडती कुठी घालू?" बाबा म्हणाले. "हे डफडं शेकत नाई तुमचं."

तिथे बसलेल्या आम्हा सगळ्यांना तेव्हा पहिल्यांदा उमगले. पोळा पावसाळ्यात येतो. दमट हवेने चामडे सैल पडते, आवाज खाली जातो, मग वाजवणारा थांबून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर डफडं शेकतो. झडत्या नेहमी त्याच वेळात म्हटल्या जायच्या. कधी न सैलावणारे डफडं करून वहिनीने बोलायची जागाच बुजवून टाकली होती. पण ती हरणारी नव्हे. तिने ठेक्याचा आवाज मिनिटामिनिटाला किंचित उतरवत नेला, मग डफडं बंद केले, आणि त्या रिकाम्या जागेत चुलीसमोर बसून टिपलेला पऱ्हाटीचा तडतडाट भरला. ती जागा किती लांब ठेवायची हे तिने बाबांना शेजारी बसवून ठरवले: एक झडती, मग त्यांना लागेल तेवढा दम, मग दुसरी.

पोळ्याच्या दुपारी लॅपटॉप भजनी मंडळाच्या लाउडस्पीकरला जोडला गेला. पारावरून टोमणा आलाच, "आता बाई वाजवणार काय डफडं?"

"वाजवत नाई, दाबतो फक्त," वहिनी म्हणाली आणि तिने दाबले.

बैलांनी कान टवकारले. डफडं घुमले, हळूहळू सैल पडले, थांबले. काड्या तडतडू लागल्या आणि अर्धे गाव वळून जाळ कुठे पेटलाय ते शोधू लागले. तेवढ्यात बाबांचा आवाज चढला,

"पऱ्हाटी जळे पेटीत, धुपट दिसत नाई,
डफडं वाजवे सून माही, हात हालत नाई!"

असा हशा उसळला की एक गोऱ्हा दावे तोडून निघाला. बाबांनी दम घेतला. काड्या तडतडतच होत्या. मग दुसरी झडती पारावरच्या टोमणेवाल्यावर गेली, आणि डफडं परत वाजू लागताच नेमकी बकरी ओरडली. टोमणेवाल्याने त्या बकरीची पुढे बरेच दिवस धास्ती घेतली होती. त्या दुपारी बाबांनी अकरा झडत्या म्हटल्या. काका खुर्चीत बसून चांगला खांदा उडवत होते. निघताना पारावरच्या त्याच माणसाने वहिनीला विचारले, "पुढच्या साली हेच आणता ना वो बाई?"

बाबा हिवाळ्यात गेले.

यंदाच्या पोळ्याला पारावरचे लोक आपण होऊन वहिनीला बोलवायला आले. झडत्या तरुण पोरांनी म्हटल्या. त्यांची छाती धडधाकट. दोन-दोन झडत्या भराभर म्हणून झाल्या तरी काड्या अर्ध्याच जळलेल्या असत. उरलेला वेळ सगळे नुसते उभे राहत. बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत.

घरी आल्यावर मी वहिनीला विचारले, "ती जागा कमी करता येते ना?"

"येते," ती मशीनमध्ये दोरा ओवत म्हणाली. "कोणी म्हटलं काय कमी करा म्हणून?"

कोणीच म्हटले नव्हते.