रेसचा दांडा माझ्याकडे

माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, फौजेत इंजिनिअर पलटणीत होते. पूल बांधायचे, पुरात मोटारबोटी घालायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन ते कराडजवळच्या गावी आले आणि ऊस लावून गप्प बसले. गप्प म्हणजे आपलं म्हणायचं. नदीचं पाणी जरा वाढलं की हा माणूस काठावर जाऊन उभा.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या एका जुन्या साहेबांनी समुद्रातल्या शर्यतीसाठी बोट घेतली आणि चालवायला दाजींना बोलावलं. त्या बोटीत दोन माणसं शेजारीशेजारी बसतात. एकानं सुकाणू धरायचं आणि दिशा सांभाळायची; वेगाशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्याच्या हातात वेग कमीजास्त करायचा रेसचा दांडा आणि बोटीचं नाक वरखाली करायची बटणं. त्यानं फक्त लाटा बघायच्या. बोट लाटेवरून उडाली की रेस सोडायची, पाण्याला टेकायच्या बेताला पुन्हा द्यायची. जरा चुकलं तर इंजिन तरी जातं, नाहीतर कंबर. हे दुसरं काम दाजींनी मला दिलं. मी सांगलीकडचा, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरवाला. समुद्र पाहिला होता तो एकदाच, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून.

साहेबांनी विचारलंच, यांना जमेल का म्हणून. दाजींनी सांगितलं की भरल्या ट्रॉल्यांनी चढावर ट्रॅक्टर पुढून उचलला, तर हा गडी पायाच्या नुसत्या अंगठ्यानं रेस सोडून तो खाली टेकवतो. इतकं कौतुक माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

निघताना बहिणीनं मला गोठ्यामागं गाठलं. दाजींच्या कण्यातली चकती सरकली होती. आता मोठा दणका बसला तर पाय जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ही गोष्ट दाजींनी साहेबांपासून लपवली होती. मी म्हटलं, मग तूच अडव की. ती म्हणाली, "त्यांना न्हाई म्हणायची हितं कुणाची टाप हाय? तूच सांभाळ."

आता आमच्याकडची रीत अशी, की दाजींचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. लग्नात रुसले तर अख्खं वऱ्हाड त्यांच्या पाठीमागं. सरावाचे चारही दिवस मी तेच केलं. दाजी सुकाणूवरून म्हणायचे, "दाबा पावणं," आणि मी दाबायचो. साहेबांनी मला दोनदा झापलं. दांडा ज्याच्या हातात, वेग त्यानं ठरवायचा, सोयरीक धक्क्यावर ठेवून यायचं. मी मान डोलावली आणि परत तेच केलं.

शर्यतीच्या सकाळी वारा होता. हेल्मेटमधून आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत होतं. पहिल्या फेरीत आम्ही तिसरे होतो. दाजी दाबा म्हणत होते, मी दाबत होतो. दुसऱ्या फेरीत लाटा आडव्या आल्या आणि दाजींचं बोलणं बंद झालं. कानात नुसता त्यांचा श्वास. बोट उडाली की तो थांबायचा, आपटली की कण्हल्यासारखा सुटायचा. सुकाणू मात्र तसूभर हललं नव्हतं. मला भीती वाटली, त्याहून जास्त राग आला. त्यांचा, बहिणीचा आणि माझा स्वतःचासुद्धा. पुढची लाट दिसली आणि मी दांडा मागं ओढला.

बोट पाण्यावर बसली. मागच्या बोटी एकेक करून पुढं निघून गेल्या. आता दाजी काय बोलतील, हाच विचार. आयुष्यभर आमच्या दारात पाय ठेवणार नाहीत, इथपर्यंत माझी मजल गेली. त्यांनी सुकाणू तसंच धरून ठेवलं. उरलेल्या फेऱ्या आम्ही हळूहळू पुऱ्या केल्या आणि सगळ्यांत शेवटी आलो.

धक्क्यावर त्यांना उतरवायला दोन माणसं लागली. पण पाय टेकले आणि ते चालत बाकापर्यंत गेले. मी समोर उभा राहिलो.

"आवं दाजी, माझं चुकलं. तुमाला न इचारता रेस कमी केली."

त्यांनी हेल्मेट बाकावर ठेवलं. मग म्हणाले, "पयल्या फेरीलाच म्हणायचं व्हतं, कमी करा. तोंडातनं 'दाबा'च निघायचं. आन् तुमी आपलं दाबतच व्हता. मग मी कसा थांबू?"

म्हणजे थांबायचं दोघांच्याही मनात होतं, आणि एकमेकांचा मान राखण्यापायी बोट पळत होती. दाजींनी उठायला माझ्यापुढं हात केला. बहिणीच्या लग्नाला वीस वर्षं झाली, या माणसानं कधी पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नव्हता. मी तो हात धरला आणि मलाच रडू फुटलं.