वहीतलं ‘निल’

लालबागची खोली विकून आम्ही भाईंदरला आलो आणि वर्षभरात मुलीला किडनीचा आजार निघाला. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मुलगी नऊ वर्षांची. लघवीतून प्रथिनं जायची आणि अंग सुजायचं. रोज सकाळी ती बाथरूममधून छोट्या कपात लघवी आणून द्यायची, मी ती काचेच्या नळीत ओतून ॲसिडचे थेंब टाकायचे आणि नळीमागे पेपर धरायचे. अक्षरं स्वच्छ दिसली की रोजच्या नोंदीच्या वहीत ‘निल’, म्हणजे प्रथिनं नाहीत. गढूळ दिसलं की एक प्लस, दोन प्लस. तेव्हा पेपर मी फक्त एवढाच वाचला.

डॉक्टर मीरा रोडला. माणूस भला, पण आम्ही आत गेलो की आधी वहीला हात घालायचे. “व्हेरी गुड, मम्मी,” म्हणायचे. मुलगी बाजूच्या स्टुलावर. तिला फक्त जीभ दाखव, पाय दाखव.

मी तरी काय दिवे लावत होते? गोळ्यांनी तिचा चेहरा फुगला. बिल्डिंगमधल्या पोरी “मोटी आ गयी” म्हणून चिडवायच्या. गॅदरिंगच्या नाचातून बाईंनी तिला काढलं, ड्रेस होत नाही म्हणून. ती रडत सांगायला आली तर मी म्हटलं, “नाचाचं काय घेऊन बसलीस? आधी बरी हो.” माझी जीभच तिखट. नळी गढूळ झाली की त्या दिवशी मी भांडी आपटायचे.

मग ओळीने पंधरा दिवस निल आलं. डॉक्टरांनी गोळी कमी केली. मी शेजारच्या गुजराती काकींना पेढे देऊन आले. आठवड्याने पोरीचे डोळे सुजले, पायावर मोज्यांचे वळ उठले, आणि वहीत तर निलच. दुसऱ्या सकाळी मी तिच्याबरोबर बाथरूममध्ये गेले. नळीत ताकासारखं पांढरं झालं, मागचं एक अक्षर दिसेना.

“मी रोज नळाचं पाणी मिसळत होते,” ती म्हणाली.

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. त्या सुजलेल्या पाठीत. त्याची मला आजही लाज वाटते.

त्या दिवशी डॉक्टरांनी पहिल्यांदा वही बाजूला सारून तिला विचारलं, “असं का केलंस, बाळा?”

“निल आलं की आई चिडत नाही. आणि तुम्ही हसता.”

“चूक माझी आहे,” डॉक्टर म्हणाले, “मी वहीच तपासत बसलो.” मग पट्टी घेऊन त्यांनी वहीत नवा रकाना आखला: आज कसं वाटलं? तो तिने स्वतः भरायचा. ती रोज भरायची, मी रोज वाचायचे आणि मला हायसं वाटायचं.

काही वर्षांनी आजार हटला. परवा कपाट आवरताना ती वही सापडली. रकान्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच शब्द, ‘छान’. सलाइन लागलं तो दिवस छान. गॅदरिंग त्यानंतर झालं; त्या दिवशी बाथरूमचा नळ सोडून ती आत रडत होती, तोही छान. वही आई वाचते, हे तिला ठाऊक होतं.

आता ती पुण्यात नोकरीला आहे. दर रविवारी मी फोनवर विचारते, कशी आहेस? “छान,” ती म्हणते. खरं सांग, असं म्हणायला माझं तोंड उघडत नाही. तो हक्क मी त्या धपाट्यातच घालवला.